फौजदारी न्यायाचे शिक्षण कोठून सुरू व्हावे?



१ जुलै २०२४ रोजी विधी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतील फौजदारी कायद्याची पुस्तके एका दिवसात जुनी झाली. १८६० ची भारतीय दंड संहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा अधिनियम यांच्या जागी अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. ही विधेयके डिसेंबर २०२३ मध्ये संसदेत मंजूर झाली, तेव्हा विरोधी पक्षांचे शंभराहून अधिक खासदार निलंबित होते. या गोष्टीची येथे नोंद करून पुढे जावे लागेल, कारण आजचा विषय निराळा आहे. कायदे बदलल्यावर महाविद्यालयांच्या वर्गांत काय घडले, हा तो विषय.

वर्गांत कोष्टके आली. डावीकडे जुने कलम, उजवीकडे नवे. खून ३०२ वरून १०३ वर गेला, फसवणूक ४२० वरून ३१८ वर, आणि कार्यकर्त्यांच्या चांगल्या परिचयाची जमावबंदी १४४ वरून १६३ वर. (मराठी बोलीतला 'चारसोवीस' मात्र संसदेने रद्द केला तरी काही पिढ्या जाणार नाही.) विद्यार्थ्यांनी कोष्टके पाठ केली, प्राध्यापकांनी जुन्या टिपणांत आकडे खोडून नवे आकडे घातले, आणि अभ्यासक्रम अद्ययावत झाल्याचे जाहीर झाले. कोणाला फारशी अडचण पडली नाही. ही अडचण न पडणे हीच विचार करण्याजोगी गोष्ट आहे. एका कोष्टकाने जे शिक्षण जुने होते आणि दुसऱ्या कोष्टकाने नवे होते, त्यात मुळात शिकवले काय जात होते?

फौजदारी कायदा वर्गात वरून खाली येतो. प्रथम सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा, मग त्यातून निघणारे तत्त्व, मग ते तत्त्व ज्या कलमाला लागू पडते ते कलम, त्याचे घटक आणि अपवाद. उच्च न्यायालयापर्यंत उतरता उतरता तास संपतो. सत्र न्यायालय उदाहरणापुरते येते. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय, जेथे अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत उभे करावे लागते, ते क्वचित येते. पोलिस ठाणे येतच नाही, आणि तुरुंग हा केवळ शिक्षेचा एक प्रकार म्हणून व्याख्येत भेटतो. ज्या माणसावर ही सारी यंत्रणा चालते त्याचा प्रवास नेमका उलट दिशेचा असतो. त्याला प्रथम ठाणे भेटते, मग दंडाधिकारी, मग तुरुंग. सर्वोच्च न्यायालयापर्यंत शेकडा नव्याण्णव माणसे जन्मात पोहोचत नाहीत. म्हणजे अभ्यास जेथे सुरू होतो तेथे न्याय मागणारा माणूस पोहोचत नाही, आणि न्याय मागणारा माणूस जेथे अडकून पडतो तेथे अभ्यास पोहोचत नाही.

एक उदाहरण घ्यावे. 'मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' हा १९७८ चा निवाडा जामिनाच्या प्रकरणात प्रत्येक विद्यार्थी वाचतो. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा निवाडा, जामिनाची अट गरिबाला न पेलवणारी नसावी, हे तत्त्व. उत्तरपत्रिकेत एवढे लिहिले की गुण मिळतात. पण त्या प्रकरणातला अर्जदार गवंडी होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला, आणि खालच्या दंडाधिकाऱ्याने दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला. त्याचा सख्खा भाऊ जामीन राहण्यास तयार होता, तर भाऊ आणि भावाची मालमत्ता परजिल्ह्यातली म्हणून तोही नाकारला गेला. देशातील सर्वांत वरच्या न्यायालयाचा आदेश हाती असूनही तो माणूस तुरुंगाबाहेर येऊ शकला नाही, कारण तुरुंगाचा दरवाजा आदेशाने उघडत नव्हता, मालमत्तेच्या कागदाने उघडत होता. शिकवण्याजोगी गोष्ट हीच होती. आजही जिल्ह्याच्या कोणत्याही न्यायालयात ऐपतीचा दाखला असलेला जामीनदार न मिळाल्याने जामीन मंजूर झालेली माणसे तुरुंगात राहतात. ऊसतोडीला आलेला मजूर, वीटभट्टीवरचा कामगार, पालावर राहणारे कुटुंब यांच्यासाठी तहसील कार्यालयातून ऐपतीचा दाखला कोण आणणार? विद्यार्थ्याला तत्त्व ठाऊक असते. पण दाखला कोणत्या टेबलावर मिळतो, त्याला किती दिवस लागतात, आणि जातमुचलक्यावर सोडण्याचा अर्ज कसा लिहावा, हे त्याला पदवी घेऊन बाहेर पडल्यावर कोणी ज्येष्ठ वकिलाचा कारकून शिकवतो.

राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार बंद्यांपैकी तिघांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. फौजदारी न्याय नावाच्या विषयाचा तीनचतुर्थांश भाग येथे आहे, आणि अभ्यासक्रमात तो एखाद्या टिपेएवढा आहे.

हे असेच चालते आणि चालणार, असे मानण्याचे मात्र कारण नाही. महाविद्यालयातला अभ्यास खाली उतरला आणि त्याने कायदा हलवला, अशी उदाहरणे या देशात घडलेली आहेत. त्यांतले सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रातल्या एका पोलिस ठाण्यापासून सुरू होते.

२६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलिस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर ठाण्यातल्याच पोलिसांनी अत्याचार केला, अशी फिर्याद झाली. मुलगी घरकाम व मोलमजुरी करणारी होती. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने मुलीलाच खोटे ठरवून दोघा पोलिसांना सोडले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निर्णय फिरवला. भीतीपोटी निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे, असे म्हणून त्याने शिक्षा दिल्या. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षा रद्द केल्या. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही, सबब प्रतिकार झाला नाही, अशी ती तर्कपद्धती होती. 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने निवाडा अहवालात छापला गेला. प्रचलित रीतीप्रमाणे पुढच्या वर्षी तो वर्गावर्गांत संमतीच्या व्याख्येखाली एक नवा दाखला म्हणून शिकवला गेला असता, आणि विद्यार्थ्यांनी त्यावर टीप लिहिली असती.

तसे झाले नाही, कारण चार प्राध्यापकांनी तो निवाडा निराळ्या रीतीने वाचला. दिल्ली विद्यापीठातील उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार, आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. सप्टेंबर १९७९ मध्ये या चौघांनी भारताच्या सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. पत्रातला कायद्याचा मुद्दा अतिशय शिस्तीचा होता: संमतीत शरण जाणे अंतर्भूत असते, परंतु शरण जाण्यात संमती असतेच असे नाही, वस्तुस्थितीवरून शरण जाणे सिद्ध होते, संमती होत नाही. साक्षीसाठी स्त्रीला तिच्या राहत्या जागेखेरीज अन्यत्र बोलावता येत नाही, हा नियम प्रक्रिया संहितेत होताच. स्त्रियांना ठाण्यात बोलावण्याबद्दल याच न्यायालयाने १९७८ मध्ये नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात कडक शब्द वापरले होते, आणि येथे त्याची आठवणही ठेवली गेली नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. एवढ्यावर ते थांबले असते तर पत्र एका विद्वत्तापूर्ण टीकालेखाच्या योग्यतेचे ठरले असते. पण त्यांनी त्यापुढे जाऊन न्यायमूर्तींना सुचवले की, गरिबाच्या वेषात, ओळख न देता, दिल्लीजवळच्या खेड्यांतील काही पोलिस ठाण्यांना एकदा भेट द्यावी.

ही सूचना उपरोधाची होती, पण त्याहून अधिक ती अभ्यासपद्धतीची सूचना होती. रात्रीच्या वेळी ठाण्याच्या आवारात, दोन गणवेशधारी पुरुषांसमोर, एका निरक्षर मजूर मुलीने आरडाओरडा का केला नाही, हा प्रश्न ग्रंथालयात बसून सुटत नाही. ज्याने ठाण्याच्या बाकावर वाट पाहिली आहे त्याला तो प्रश्न पडतही नाही. पत्राने निवाड्याचा केवळ निष्कर्ष खोटा ठरवला नाही. निवाडा जेथे उभा राहून लिहिला गेला ती जागाच चुकीची आहे असे म्हटले.

पुढचा इतिहास कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. ८ मार्च १९८० रोजी मुंबई, दिल्ली आणि इतरत्र स्त्रिया रस्त्यावर आल्या. मुंबईत याच प्रश्नावर स्त्रियांचा मंच उभा राहिला. १९८३ मध्ये संसदेला कायदा बदलावा लागला: कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र आणि अधिक कडक शिक्षेचा गुन्हा ठरला, आणि अशा प्रकरणात स्त्रीने संमती नव्हती असे न्यायालयात सांगितल्यास न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, अशी तरतूद पुरावा कायद्यात आली. मोर्चा नसता तर पत्र कपाटात राहिले असते, हे खरे. परंतु पत्र नसते तर मोर्च्याच्या हाती नेमका मुद्दा आला नसता, हेही तितकेच खरे आहे. देसाईगंजच्या त्या मुलीला मात्र न्याय मिळाला नाही. कायदा तिच्यामुळे बदलला आणि तिच्याविरुद्धचा निवाडा तसाच राहिला. १९८३ ची दुरुस्ती शिकवताना हे शेवटचे वाक्य सहसा गाळले जाते.

याच काळातले दुसरे उदाहरण मुंबईतले आहे आणि ते दुर्दैवाने फारसे आठवले जात नाही. मे १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबई मध्यवर्ती कारागृहातील पंधरा स्त्री बंद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलिस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र पाठवले, आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. मग सत्य शोधण्यासाठी न्यायालयाने कोणाला पाठवले? पोलिस महानिरीक्षकांना नव्हे. मुंबईच्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात जाऊन स्त्री बंद्यांशी बोलण्यास व अहवाल देण्यास सांगितले. फेब्रुवारी १९८३ च्या निवाड्यात स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठडी असावी आणि तेथे स्त्री पोलिसांचा पहारा असावा, अटक होताच नातेवाइकांना कळवावे, अटकेची खबर जवळच्या विधी साहाय्य समितीला द्यावी, दंडाधिकाऱ्याने समोर आणलेल्या प्रत्येकाला छळ झाला काय हे विचारावे, असे आदेश आले. १९९६ च्या डी. के. बसू निवाड्यातल्या ज्या अटी आज विद्यार्थी पाठ करतात, त्यांतल्या काहींचे मूळ येथे सापडते. आणि हे मूळ वकिली युक्तिवादात नाही. एका पत्रकार स्त्रीच्या वहीत आणि समाजकार्य महाविद्यालयाच्या एका अहवालात आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० मध्ये 'प्रयास' हा प्रकल्प सुरू करून तुरुंग आणि पोलिस कोठडी येथे प्रत्यक्ष काम आरंभले, तेही याच वाटेने.

महाविद्यालयातला हा अभ्यास उलट दिशेनेही वळवता येतो, आणि त्याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. फौजदारी न्याय हा कायद्याहून निराळा असा स्वतंत्र पदवीचा विषय मुळात त्याच देशात वाढला. कॅलिफोर्नियातील बर्कली शहराचे पोलिसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी १९१६ मध्ये तेथील विद्यापीठात पोलिसांसाठी वर्ग सुरू केले. १९५० मध्ये त्यातून गुन्हेशास्त्राचे स्वतंत्र विद्यालय झाले. पोलिसाने शिकावे, ठोकून कबुली घेण्याऐवजी पुरावा गोळा करावा, हा हेतू वाईट नव्हता. पण १९६० च्या दशकात काळ्या जनतेचे उठाव आणि व्हिएतनाम युद्धाविरुद्धची आंदोलने पेटली, आणि १९६८ मध्ये अमेरिकेच्या संसदेने गुन्हेनियंत्रणाचा एक मोठा कायदा केला. त्यातून पोलिसांच्या आणि पोलिस होऊ इच्छिणाऱ्यांच्या शिक्षणासाठी केंद्राचा पैसा महाविद्यालयांकडे वाहू लागला. पैसा आला तसे अभ्यासक्रम उगवले. विषयाचे नाव न्याय असले तरी शिकवणीचा भर बंदोबस्तावर होता.

बर्कलीच्या विद्यालयातल्या काही अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी याला नकार दिला. पोलिसांच्या बळाचा वापर कोणावर होतो, तुरुंगात काळ्या आणि गरीब माणसांचीच गर्दी का असते, पोलिसांवर वस्तीचे नियंत्रण का नसावे, असे प्रश्न ते वर्गात आणि वर्गाबाहेर विचारू लागले. विद्यापीठाने शैक्षणिक दर्जाचे कारण पुढे केले, विद्यार्थ्यांनी विरोध केला, आणि तरीही १९७६ मध्ये विद्यालय बंद झाले. पोलिसांना शिकवण्यासाठी जन्मलेले विद्यालय पोलिसांविषयी शिकवू लागले तेव्हा ते नकोसे झाले. दर्जाचा प्रश्न खरोखर होता असे क्षणभर मानले तरी, हलक्या दर्जाचे बंदोबस्ताचे अभ्यासक्रम देशभर चालूच राहिले, ही गोष्ट उरतेच.

भारतात हा प्रश्न आता दारात आला आहे. २०२० मध्ये संसदेने दोन कायद्यांनी गुजरातेत राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आणि राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ ही केंद्रीय विद्यापीठे स्थापली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे केले आहे, तेव्हा तज्ज्ञ लागतील हे उघड आहे. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. प्रयोगशाळेचा अहवाल वेळेवर आला तर निरपराध माणूसही लवकर सुटतो. आक्षेप निराळा आहे. एका बाजूला सुरक्षा आणि तपास यांच्या शिक्षणासाठी केंद्रीय विद्यापीठे उभी राहतात; आणि दुसऱ्या बाजूला जिल्ह्याच्या विधी महाविद्यालयात फौजदारी कायदा तासिका तत्त्वावर नेमलेला अध्यापक शिकवतो, ज्याला पुढच्या वर्षी आपण असू की नाही हेही ठाऊक नसते. असा अध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन तुरुंग अधीक्षकाकडे परवानगी मागायला जाईल, ही अपेक्षा करणेच अन्यायाचे आहे. फौजदारी न्यायाच्या शिक्षणाचा प्रश्न हा रिक्त जागा भरण्याचाही प्रश्न आहे, आणि पक्षाच्या शिक्षक आघाडीने तो तसा मांडला पाहिजे.

अभ्यासक्रमात काय नाही, याकडेही पाहावे. तुरुंगाची नियमपुस्तिका नाही. ती नसल्याने काय होते, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये उघड झाले. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने अनेक राज्यांच्या तुरुंग नियमांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. स्वयंपाक अमुक जातीच्या बंद्याने करावा, झाडलोट आणि संडाससफाई तमुक जातीच्या बंद्याने करावी, असे नियम स्वातंत्र्यानंतर पंचाहत्तर वर्षे छापील पुस्तकांत होते. तुरुंगाच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश २०२४ साली द्यावा लागला. या देशात इतकी विधी महाविद्यालये, घटनेचे सतरावे कलम प्रत्येकाला पाठ, आणि तरी हे नियम शोधून काढण्यास एक वार्ताहर लागावा! त्याच निवाड्यात विमुक्त जमातींना जन्मतःच सराईत समजण्याच्या पद्धतीवरही न्यायालय बोलले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, हे एक वाक्य कायद्याच्या इतिहासात येते. सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत येत नाही, आणि त्या कायद्याच्या पाठोपाठ आलेले सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे कोणाच्या नावाने ठाण्यात वह्या उघडतात, हे येत नाही. तडीपारी आणि प्रतिबंधक कारवाई हेही विषय कोपऱ्यात पडलेले. कार्यकर्ता मात्र ते स्वतःच्या अंगावरून शिकलेला असतो.

एक निवाडा सर्वांना ऐकून माहीत आहे आणि वाचून फार थोड्यांना. ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अजमल कसाबची फाशी कायम केली. त्याच निवाड्यात न्यायालयाने असे बजावले की, अटक झालेल्या प्रत्येक माणसाला दंडाधिकाऱ्यासमोर प्रथम आणले जाते त्याच वेळी वकिलाचा हक्क समजावून सांगितला पाहिजे आणि त्याला वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने दिला पाहिजे. दंडाधिकाऱ्याने हे केले नाही तर तो खातेनिहाय कारवाईस पात्र ठरेल. देशाने ज्याचा सर्वाधिक द्वेष केला त्याच्या खटल्यातून प्रत्येक भुरट्या चोराला, प्रत्येक संपकरी कामगाराला हा हक्क मिळाला. तो आज रिमांडच्या वेळी पाळला जातो काय, हे सांगणारी माणसे कोठे आहेत?

ती माणसे तयार करता येतील, आणि त्यासाठी नवा कायदा नको, नवे अनुदानही नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे आणि १९९५ पासून अमलात आहे. महाविद्यालयांतून विधी साहाय्य केंद्रांना उत्तेजन देणे हे त्या कायद्यातच सांगितलेले काम आहे. केंद्रे कागदावर आहेतही. वर्षातून एकदा एखाद्या खेड्यात फलक लावून भाषणे होतात, छायाचित्रे निघतात, अहवाल विद्यापीठाकडे जातो. याऐवजी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी एक महिना, दोन-दोनच्या गटाने, जिल्ह्याच्या ठिकाणी रिमांडच्या वेळी न्यायालयात बसावे. न्यायालय खुले असते. तेथे बसण्यास कोणाची परवानगी लागत नाही. वही घ्यावी. आरोपीला केव्हा आणले, त्याच्या बाजूने वकील उभा होता काय, छळाविषयी त्याला विचारले काय, अटकेची लेखी कारणे त्याला दिली होती काय, सारे किती मिनिटांत आटोपले. एका महिन्याच्या शेवटी त्या वहीतून जे शिक्षण होईल ते कोष्टकातून होणारे नाही.

यावर दोन आक्षेप येतात. महाविद्यालयात राजकारण शिरेल, हा पहिला. पोलिस तपासाची बाजू शिकवणे राजकारण नसेल तर आरोपीची बाजू पाहणे राजकारण कसे, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी द्यावे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो विद्यार्थ्यांचाच आहे. विधी महाविद्यालयात आज शेतमजुरांची, सफाई कामगारांची, पालावरची मुलेमुली पहिल्या पिढीतली म्हणून येत आहेत. त्यांना नोकरी हवी, न्यायाधीशाची परीक्षा हवी, आणि परीक्षेत कोष्टकच विचारले जाते. हा आक्षेप उडवून लावणे हा चांगल्या घरच्या माणसाचा उद्दामपणा होईल. पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेपूर्वी तीन वर्षे वकिलीची अट पुन्हा लागू केली आहे. खालचे न्यायालय न पाहिलेला विद्यार्थी यापुढे थेट तेथे न्यायाधीश म्हणून बसणार नाही. गरिबाच्या मुलाला ती तीन वर्षे उत्पन्नावाचून काढणे जड जाणार, हा या अटीचा दुसरा चेहरा. तेव्हा विधी साहाय्याच्या कामाचे मानधन कनिष्ठ वकिलाला वेळेवर आणि जगण्यापुरते मिळावे, ही मागणी याच प्रश्नाला जोडून घ्यावी लागेल.

शेवटी, लगेच हाती घेण्याजोगे एक काम. नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाप्रमाणे, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ तुरुंगात काढलेल्या कच्च्या कैद्याला, आणि पहिल्याच गुन्ह्याचा आरोप असल्यास एकतृतीयांश काळानंतर, जामिनावर सोडावयाचे आहे. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कायद्याने तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या खटल्यांतील बंद्यांनाही हा लाभ देण्यास सांगितले आहे. यासाठी एक यादी लागते: बंद्याचे नाव, कलम, कमाल शिक्षा, तुरुंगात आल्याची तारीख. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत विद्यार्थ्यांनी ती यादी करावी, दर तीन महिन्यांनी ताडून पाहावी, आणि ज्यांचा काळ भरला आहे त्यांची नावे लेखी द्यावीत. यादी करताना त्यांना एक गोष्ट ताबडतोब आढळेल. याच कलमाचे दुसरे उपकलम असे आहे की, ज्याच्यावर एकापेक्षा अधिक गुन्ह्यांचे वा खटल्यांचे काम चालू आहे, त्याला हा लाभ नाही. पारध्याच्या पोराला एका चोरीत धरले की ठाण्यातल्या चार न उलगडलेल्या चोऱ्या त्याच्या नावे लावण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या उपकलमाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. विद्यार्थ्यांना तो यादीच्या शेवटच्या रकान्यात दिसेल, आणि त्या रकान्यात कोणत्या वस्त्यांची नावे वारंवार येतात हेही दिसेल.